पन्नास माणसांचे काम

वेचून आणलेला कापूस पांढराशुभ्र आणि हलका दिसतो, पण त्याच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग सरकीचा असतो. सरकी वेगळी झाल्याशिवाय रुई मिळत नाही आणि रुई मिळाल्याशिवाय पिंजणे, कातणे, विणणे यांपैकी काहीच सुरू होत नाही. माझ्या आजोळी, वर्धा जिल्ह्यात, देवाच्या वातींसाठी लागणारा कापूस आजी हातानेच निवडत असे. दुपारभर बसूनही तिच्या पुढ्यात मूठ-दोन मुठी रुई जमे आणि शेजारी सरकीचा ढीग मात्र मोठा दिसे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिणेकडील जमीनदारांपुढे हीच अडचण उभी होती, मात्र ती एकरांत आणि जहाजांत मोजली जात होती.

त्यांच्याकडे कापूस दोन प्रकारचा होता. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना यांच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर लांब धाग्याचा ‘सी आयलंड’ कापूस होत असे. त्याची सरकी काळी आणि गुळगुळीत असल्यामुळे दोन रुळांच्या चरखीतून ती सहज सुटे. अशी चरखी भारतात शतकानुशतके वापरात होती आणि त्याहूनही जुन्या, एकाच रुळाच्या साधनाचे चित्रण अजिंठ्याच्या भिंतीवर आहे, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. परंतु लांब धाग्याचे हे पीक किनाऱ्याची दमट हवा सोडून आत सरकत नव्हते. आतल्या विस्तीर्ण जमिनीवर आखूड धाग्याचा, हिरवट सरकीचा कापूस उत्तम येई; पण त्याच्या सरकीवर बारीक लव असते आणि रुई तिला इतकी घट्ट धरून बसते, की रुळांखाली एक तर सरकी भरडली जाते किंवा रुईबरोबर पलीकडे जाते. हाताने काढायची म्हटली, तर एका माणसाला दिवसाकाठी जेमतेम पौंडभर स्वच्छ रुई मिळे. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेल तितका कापूस हवा होता, अमेरिकेच्या दक्षिणेत जमीन पडून होती, आणि या दोहोंच्या मध्ये ही चिवट सरकी आडवी आली होती.

एली व्हिटनी हा मॅसॅच्युसेट्समधील एका शेतकऱ्याचा मुलगा. 1792 मध्ये येल महाविद्यालयातून पदवी घेऊन तो शिकवणीच्या नोकरीसाठी दक्षिणेकडे निघाला आणि सव्हाना शहराजवळच्या ‘मलबेरी ग्रोव्ह’ या मळ्यावर मुक्कामाला राहिला. हा मळा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील सेनापती नथॅनिएल ग्रीन यांच्या पत्नी कॅथरीन ग्रीन यांचा होता. सेनापती 1786 मध्येच वारले होते आणि व्यवहार फिनिअस मिलर हा व्यवस्थापक पाहत असे. शेजारपाजारचे जमीनदार तेथे जमत, सरकीची तक्रार करत, आणि त्यातूनच व्हिटनीने 1793 मध्ये सरकी काढणारे आपले यंत्र, म्हणजे ‘जिन’, उभे केले. लाकडी दंडगोलावर तारेचे आकडे बसवलेले, समोर अरुंद फटींची जाळी. आकडे फटींतून रुई ओढून घेत, सरकी फटींत मावत नसल्यामुळे मागेच गळून पडे, आणि उलट दिशेने फिरणारा ब्रश आकड्यांना चिकटलेली रुई झाडून काढी. हाताने फिरवायचे लहान यंत्रसुद्धा दिवसाला सुमारे 50 पौंड रुई देत असे. 14 मार्च 1794 रोजी त्याला एकस्व (पेटंट) मिळाले.

सप्टेंबर 1793 मध्ये व्हिटनीने वडिलांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. एक माणूस आणि एक घोडा मिळून जुन्या साधनांवर काम करणाऱ्या पन्नास माणसांहून अधिक काम करतील, असे तो त्यात सांगतो. आणि पुढे असेही म्हणतो, की या यंत्राने श्रम पन्नास पटींनी कमी होतात, पण कोणत्याही वर्गाचे काम मात्र जात नाही. हे दुसरे वाक्य वाचताना मी दर वेळी थांबतो. व्हिटनी दुष्ट मनुष्य नव्हता. तो आपल्या परीने एक सुवार्ता कळवत होता आणि ती शब्दशः खरीही ठरली: खरोखरच कोणाचे काम गेले नाही. उलट काम इतके वाढले, की ते करण्यासाठी लाखो माणसे विकत घेतली गेली, साखळदंडांत शेकडो मैल चालवली गेली आणि आपल्या मुलाबाळांपासून तोडली गेली.

एकस्वाच्या भांडणात मला फारसा रस नाही, पण त्यातला एक तपशील सांगण्यासारखा आहे. व्हिटनी आणि मिलर यांनी यंत्रे विकण्याऐवजी स्वतःच कापूस साफ करून देण्याची योजना आखली आणि मोबदला म्हणून रुईचा दोन-पंचमांश हिस्सा मागितला. जमीनदारांना तो लुबाडणुकीचा वाटला. यंत्र इतके सोपे होते, की कोणताही हुशार लोहार ते पाहून बनवू शके. हॉजन होम्सने आकड्यांच्या जागी करवतीसारख्या दातेरी चकत्या बसवून 1796 मध्ये वेगळे एकस्वही मिळवले. खटले वर्षानुवर्षे चालले, व्हिटनीच्या हाती फार थोडे लागले आणि तो सरकारसाठी बंदुका बनवण्याच्या धंद्याकडे वळला. दुसऱ्याच्या घामाचे मोल द्यायचे नाही, हा ज्या वर्गाच्या सगळ्या व्यवहाराचा पाया होता, त्याच वर्गाने दुसऱ्याच्या बुद्धीचे मोलही चुकवले, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

त्या वेळी अमेरिकेतील गुलामगिरीची स्थिती काय होती, हे समजल्याशिवाय पुढचे आकडे नीट उमगत नाहीत. पेन्सिल्व्हेनियाने 1780 मध्ये क्रमाक्रमाने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला होता, न्यूयॉर्कने तो 1799 मध्ये केला. व्हर्जिनियात तंबाखूने जमिनी खंगल्या होत्या, काही जमीनदार गव्हाकडे वळले होते, आणि गव्हाला वर्षभर राबणारी इतकी माणसे लागत नाहीत. ही प्रथा आपोआप ओसरेल, अशी आशा त्या पिढीतील अनेक पुढारी बोलून दाखवत. कॅरोलायनाच्या भातखाचरांत ती चांगलीच मुरलेली होती, त्यामुळे ही आशा कितपत खरी होती याची मला शंका आहे. तरीही 1790 मध्ये निदान तसा प्रश्न विचारता येत होता. 1790 च्या जनगणनेत सुमारे 7 लाख गुलाम मोजले गेले. 1860 च्या जनगणनेत ती संख्या जवळपास 40 लाखांवर पोहोचली होती, आणि तीसुद्धा परदेशातून गुलाम आणण्यावर 1 जानेवारी 1808 पासून कायद्याने बंदी आल्यानंतर. कापसाच्या गाठी 1790 मध्ये सुमारे 3 हजार होत्या, त्या 1860 च्या सुमारास 40 लाखांच्या घरात गेल्या. अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांत जाणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येऊ लागला.

श्रम वाचवणाऱ्या यंत्राने श्रमांची भूक इतकी कशी वाढवली, याचे उत्तर कापसाच्या कामाच्या क्रमात आहे. जमीन तयार करणे, पेरणी, विरळणी, निंदण-खुरपण, वेचणी, सरकी काढणे, गाठी बांधणे हा तो क्रम. या साखळीतली सर्वांत अरुंद जागा सरकी काढण्याची होती. एक माणूस जितका कापूस वेचू शके, त्याच्या कितीतरी कमी तो साफ करू शके. त्यामुळे जास्त पेरण्यात अर्थच नव्हता. यंत्राने ती जागा एकदम मोकळी केली आणि सगळा ताण मागे, शेतातल्या ओळींवर ढकलला. आता जितका वेचाल तितका खपेल, आणि जितका वेचता येईल तितकाच पेरायचा, असा हिशेब झाला. वेचणीला मात्र यंत्र नव्हते. बोंडे एकाच वेळी फुटत नाहीत, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरपासून नाताळापर्यंत, कधी त्याही पुढे, तीच ओळ पुन्हा पुन्हा वेचावी लागते आणि सुकलेल्या बोंडाची टोके बोटांना सोलून काढतात. उरलेल्या वर्षात गवत काढण्याचे काम संपत नाही. भाताच्या मळ्यांवर दिवसाचे काम नेमून दिलेले असे आणि ते संपले की उरलेला वेळ थोडाफार स्वतःचा असे. कापसाच्या मळ्यांवर टोळीने राबवण्याची पद्धत रूढ झाली: पहाटेच्या अंधारात शिंग वाजायचे आणि मुकादमाच्या नजरेखाली, त्याने ठरवलेल्या वेगाने, अंधार पडेपर्यंत ओळी धरायच्या. पत्रात लिहिलेले पन्नास पटींनी वाचलेले श्रम ज्याचे होते त्याला परत मिळाले नाहीत, कारण त्याचा वेळ त्याच्या मालकीचा नव्हताच.

वेचणीचा दिवस संपे तो तराजूपाशी, आणि हा तराजू बहुधा जिनघरातच टांगलेला असे. सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्क राज्यातील स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक. त्याला 1841 मध्ये फसवून पळवले गेले आणि लुईझियानात विकले गेले. बारा वर्षांनी सुटका झाल्यावर त्याने आपली हकीकत 1853 मध्ये प्रसिद्ध केली. जिनघराकडे टोपली घेऊन जाणारा गुलाम भीतीनेच जातो, असे तो सांगतो. वजन कमी भरले तर फटके ठरलेले. आणि दहा-वीस पौंड जास्त भरले तर मालक दुसऱ्या दिवसाचे माप त्यानुसार वाढवणार. म्हणजे कमी वेचण्याची भीती होतीच, जास्त वेचण्याचीही होती. त्या भागात दिवसाला 200 पौंड हे साधारण माप मानले जाई. नॉर्थपने स्वतः पहिल्या दिवशी 95 पौंड वेचले आणि नवखा म्हणून त्या दिवसापुरता तो वाचला. त्याच मळ्यावरील पॅटसी ही तरुणी दिवसाला 500 पौंड वेचत असे, तिची बोटे विजेसारखी चालत, असे तो लिहितो. आणि तिच्या पाठीवर त्या मळ्यातील सर्वांत भयंकर फटके पडल्याचेही तोच लिहितो. इतके कौशल्य असूनही तिला त्यातून संरक्षण मिळाले नाही.

1840 च्या दशकाच्या अखेरीपासून मळेवाल्यांसाठी छापील हिशेबवह्या विकत मिळू लागल्या. त्यांत प्रत्येक गुलामाने आठवड्याच्या कोणत्या दिवशी किती पौंड कापूस वेचला, याचे रकाने असत आणि वर्षाच्या सुरुवातीला व शेवटी प्रत्येक माणसाची किंमत लिहिण्यासाठी वेगळी पाने असत. गुलामगिरी ही जुनाट, अडाणी, हिशेबशून्य व्यवस्था होती आणि यंत्रयुगाशी तिचे जमणारच नव्हते, ही समजूत या वह्यांपुढे टिकत नाही. व्यवस्थापनाचे जे शास्त्र पुढे कारखान्यांत नावारूपाला आले, त्यातले बरेच काही या रकान्यांत आधीच दिसते.

कापसाला माणसे हवी होती तशी जमीनही हवी होती, आणि ती रिकामी नव्हती. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या प्रदेशांत चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ आणि चिकसॉ लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. 1830 च्या कायद्याने त्यांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हाकलण्याची सोय केली. 1838-39 च्या हिवाळ्यात चेरोकींना सक्तीने चालवत नेले गेले आणि त्यांतले हजारो वाटेत मेले. मोकळ्या केलेल्या त्या काळ्या मातीवर राबायला माणसे जुन्या राज्यांतून आली. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधल्या खंगलेल्या मळ्यांना आता विकण्यासारखे एक नवे पीक सापडले होते, ते म्हणजे तेथे जन्मलेली माणसे. अलेक्झांड्रियातील ‘फ्रँकलिन अँड आर्मफील्ड’ ही पेढी केवळ याच व्यापारावर गबर झाली. पुरुषांना दोघा-दोघांनी साखळीत बांधून पायी, किंवा जहाजात भरून, नॅचेझ आणि न्यू ऑर्लिन्सच्या बाजारांत नेले जाई. 1790 ते 1860 या काळात सुमारे दहा लाख माणसे अशी हलवली गेली असा अंदाज केला जातो. 1860 च्या सुमारास न्यू ऑर्लिन्समध्ये धडधाकट तरुणाची किंमत दीड हजार डॉलरच्या वर गेली होती, आणि कापसाचा भाव चढला की ही किंमतही चढे.

मग हे सगळे व्हिटनीच्या यंत्राने केले का? शालेय पुस्तकांना असे एका माणसावर आणि एका तारखेवर टेकलेले उत्तर आवडते. मला ते अपुरे वाटते, कारण त्यात यंत्राला कर्ता केले की बाकीचे कर्ते सुटून जातात. जमीन कायद्याने हिसकावली, कर्ज लंडन आणि न्यूयॉर्कच्या पेढ्यांनी दिले, मागणी लँकेशायरची होती, आणि गुलामांना तारण ठेवून पैसा उचलण्याची सोय न्यायालयांनी मान्य केली होती. व्हिटनी त्या वर्षी दक्षिणेकडे गेला नसता, तर चार-दोन वर्षांत दुसऱ्या कोणी सरकीचा प्रश्न सोडवला असता. होम्सच्या चकत्या पाहता ते स्पष्टच दिसते. बियाण्याचा वाटाही मोठा होता. मेक्सिकोतून आलेल्या वाणांपासून निवडलेल्या कापसाची बोंडे मोठी आणि वेचायला सोपी होती. 1800 ते 1860 या काळात एका माणसाची दिवसाची वेचणी कित्येक पटींनी वाढली. ती बियाण्यामुळे वाढली की चाबकामुळे, यावर अमेरिकी इतिहासकारांत कडाक्याचा वाद आहे. दोन्ही बाजू वाचून मला असे वाटते, की चांगले बियाणे वेचणे सोपे करते. पण त्या सोपेपणाचा फायदा विश्रांतीत जाणार की वजनात, हे तराजूपाशी उभा असलेला माणूस ठरवतो.

या कहाणीचा एक धागा आपल्याकडेही आला. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेवर इतके अवलंबून राहणे धोक्याचे वाटत होते, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने 1840 मध्ये अमेरिकेतील कापसाचे जाणकार भारतात आणले. धारवाड भागात अमेरिकी वाण आणि करवती जिन काही प्रमाणात रुजले. पण आखूड धाग्याच्या देशी कापसाला करवतीचे दाते तोडत, त्यामुळे इतरत्र रुळांचीच पद्धत टिकली. पुढे 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने अडवली आणि मुंबईत अक्षरशः पैशाचा पाऊस पडला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांचे नाव झाले, समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर भरमसाट वाढले आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळा डोलारा कोसळला. मुंबईच्या इतिहासात ते युद्ध बहुतेक वेळा भावाच्या चढउताराचे कारण म्हणून येते. त्याच काळातला एक मराठी माणूस त्याकडे वेगळ्या नजरेने पाहत होता: जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. कापसाचे भाव सगळ्यांनाच कळत होते. तो वेचणारा मुक्त झाला, या बातमीला ग्रंथाच्या पहिल्या पानावर जागा मात्र पुण्याच्या या माणसाने दिली.

मुक्तीनंतरही कापूस वेचणे थांबले नाही. मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही, म्हणून त्यांतले बहुसंख्य लोक जुन्याच मालकांची जमीन बटाईने करू लागले. बियाणे, अवजारे, दुकानातली उधारी कापून हिशेब झाला की वर्षाअखेर हाती बहुधा कर्जच उरे. वेचणीची अरुंद जागा तशीच राहिली, कारण माणूस स्वस्त असेपर्यंत यंत्रासाठी कोणी घाई करत नाही. अखेर 2 ऑक्टोबर 1944 रोजी मिसिसिपीतील क्लार्कसडेलजवळ हॉप्सन यांच्या शेतावर वेचणी यंत्रांचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. चांगला वेचणारा तासाला सुमारे 20 पौंड वेची, यंत्राने सुमारे 1,000 पौंड वेचले. प्रमाण पुन्हा एकास पन्नासच होते. मात्र या वेळी साखळीत मागे कोठेही माणसांची गरज उरली नव्हती. 1940 ते 1970 या तीन दशकांत सुमारे 50 लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट अशा शहरांकडे गेले. त्यांच्या जाण्यामागे यंत्राबरोबरच दक्षिणेतील वर्णभेदाचे कायदे आणि दहशत हीही कारणे होती.

विदर्भात आजही सरकी यंत्र काढते आणि कापूस हात वेचतो. आमच्याकडच्या जिनिंगमध्ये मुख्यतः दुहेरी रुळांची यंत्रे आहेत. त्यांचे मूळ अलाबामातील फोन्स मॅकार्थी याच्या 1840 च्या एकस्वात आहे. आपले वाण टप्प्याटप्प्याने फुटतात, शेते लहान आहेत, त्यामुळे वेचणी यंत्राचे प्रयोग चालू असले तरी शेतात अजून बायाच दिसतात, कमरेला झोळी बांधलेल्या. मिसिसिपीच्या मळ्याशी यांची बरोबरी करणे चूक होईल. या बाया दर न पटल्यास दुसऱ्या शेतावर जाऊ शकतात, आणि जातातही. वेचाई किलोवर दिली जाते. दर वर्षी पहिल्या वेचणीच्या तोंडावर तो दर बांधावर ठरतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीला कापूस विरळ झाला की पुन्हा घासाघीस होते, आणि बाजारात भाव पडलेला असेल तर शेतकरी फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या पिकाचा, कापूस झाडावरच सोडून देण्याचा विचार करू लागतो.